कलावंताचा आवाज कोण जपणार?

(नागपुरात रसिक, कलावंत आणि कार्यकर्ते यांच्या एका मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन. – संपादक)



स्थानिक नभोवाणीवर चित्रकार आणि रंगकर्मी यांच्याशी होणारा संवाद, हा आजचा विषय आहे. देशापुढे एवढे मोठे प्रश्न उभे असताना पंधरा-वीस मिनिटांच्या मुलाखतींवर स्वतंत्र भाषण कशाला, अशी शंका काहींच्या मनात येईल. ती स्वाभाविक आहे. परंतु समाजाची स्मृती मोठ्या ग्रंथांत जेवढी असते, तेवढीच ती अशा लहान लहान संभाषणांत साठलेली असते. ग्रंथांची निदान ग्रंथालये असतात. संभाषण मात्र हवेत विरून जाते. ते विरू द्यायचे की जपायचे, हा निर्णय त्या त्या गावाच्या समाजाला करावा लागतो. नागपूरपुरता तो निर्णय आपल्याला करायचा आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

संवाद ही आपली जुनी रीत

कलेविषयी कलावंताला प्रश्न विचारणे ही पाश्चात्त्य पत्रकारितेने आपल्याला शिकविलेली गोष्ट आहे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक आपल्या परंपरेत कलेचे शास्त्रच मुळी प्रश्नोत्तरांतून उभे राहिले आहे. भरतमुनींचे नाट्यशास्त्र घ्या. आत्रेयादी मुनी भरतांकडे येतात आणि प्रश्न विचारतात. हा नाट्यवेद निर्माण कसा झाला, कोणासाठी झाला, त्याची अंगे किती, प्रमाण काय, प्रयोग कसा करायचा? या प्रश्नांना उत्तरे देता देता पुढचा सगळा ग्रंथ घडतो.

चित्रकलेचेही तसेच. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती कशी घडवावी, असे विचारतो. ऋषी सांगतात, त्यासाठी आधी चित्रसूत्र जाणले पाहिजे. चित्र जाणायचे तर नृत्य कळले पाहिजे, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गायन. राजा विचारीत जातो आणि ऋषी एकेका कलेचे दार उघडीत जातात. या संवादात एकही चित्र नाही. जे आहे ते शब्दांत आहे आणि ऐकणाऱ्यासाठी आहे. डोळ्यांनी पाहावयाची कला कानांनी समजून घेण्याचा हा किती जुना प्रयत्न! आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रण कक्षात चित्रकाराच्या समोर बसून 'तुम्ही आरंभ कोठून करता?' असे विचारणारा निवेदक नकळत त्या वज्र राजाच्याच आसनावर बसलेला असतो.

'नभोवाणी' हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने मराठीत रुजविलेल्या शब्दांपैकी मानला जातो. 'आकाशवाणी' या नावाची कथा तर आजच्या विषयाला फारच जवळची आहे. १९३५ मध्ये म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या हिमतीवर एक लहानसे प्रसारण केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव होते 'आकाशवाणी'. पुढे स्वतंत्र भारताच्या राष्ट्रीय प्रसारणाने तेच नाव स्वीकारले. एका गावातल्या एका शिक्षकाच्या केंद्राने देशाच्या प्रसारणाला नाव दिले. 'स्थानिक' या शब्दाकडे आपण थोड्या हीन दृष्टीने पाहतो, तेव्हा हे उदाहरण आठवावे.

नागपूर केंद्र आणि त्याचे माणूसबळ

आकाशवाणीचे नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. त्या वेळी नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा येथे एका अंगणात नांदत होत्या, आणि केंद्राचा स्वभावही तसाच दुभाषी घडला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजधानीचा मान गेला, परंतु केंद्र राहिले. राजधानी गेलेल्या शहराला आपले म्हणणे आपल्या बोलीत मांडण्यासाठी जी थोडी साधने उरली, त्यांत सिव्हिल लाईन्समधले हे केंद्र होते.

या केंद्राच्या छताखाली कोणकोण माणसे वावरली, हे पाहण्यासारखे आहे. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५० च्या दशकात येथे काम करीत होते. पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे आपले 'मास्तर', यांचाही या केंद्राशी निर्माता म्हणून संबंध होता. रंजन कला मंदिर ही संस्था उभी करून त्यांनी नागपूरच्या दोन-तीन पिढ्यांना रंगभूमीवर उभे राहायला शिकविले, मुलांकडून नाटके करवून घेतली आणि 'कट्यार काळजात घुसली' सारखे संगीत नाटक लिहिले. 'कट्यार' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले आणि २०१५ मध्ये चित्रपटरूपाने पुन्हा घराघरांत पोहोचले. त्यातील खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे डॉ. वसंतराव देशपांडे हेही मूर्तिजापूरचे, म्हणजे वऱ्हाडचेच. आज सिव्हिल लाईन्समधल्या सभागृहाला त्यांचे नाव आहे.

महाराष्ट्रभर पाहिले तरी हेच दिसते. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत होते. त्यांनी नभोवाणीसाठी संगीतिका लिहिल्या आणि सौंदर्यशास्त्राचा विचार करताना चित्रकलेवरही सखोल लिहिले. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते. कलावंताच्या समोर त्याच्याच तोलाचा कलावंत बसून त्याला बोलते करतो, हे त्या पिढीतील मुलाखतींचे बलस्थान होते. प्रश्न विचारणाऱ्यालाच पडदा, प्रकाश, रंग, ताल यांचे ज्ञान असेल तर 'आपल्याला प्रेरणा कोठून मिळाली?' यासारख्या पोकळ प्रश्नांवर वेळ जात नाही.

न दिसणाऱ्या श्रोत्यासाठी

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. नभोवाणी यातील दोन काढून घेते. हातवारे नाहीत, वेशभूषा नाही, रंगभूषा नाही, नेपथ्य नाही. उरते ती वाणी आणि वाणीतून झिरपणारा सात्त्विक भाव. नभोनाट्यात काम केलेले नट म्हणूनच शब्दाच्या बाबतीत अधिक जागरूक झालेले दिसतात. वाक्याच्या मध्ये किती थांबायचे, श्वास कोठे घ्यायचा, ध्वनिक्षेपकापासून तोंड किती दूर ठेवायचे, याचा हिशेब त्यांना अंगवळणी पडलेला असतो.

चित्रकाराची परीक्षा याहून कठीण. त्याचे सर्वस्व डोळ्यांसाठी आणि समोर श्रोता असा की ज्याला चित्र दिसत नाही. चित्रप्रदर्शनाच्या पत्रिकेत 'अवकाश', 'पोत', 'संरचना' असे भारदस्त शब्द लिहून चालतात. नभोवाणीवर ते चालत नाहीत. रामटेकच्या किंवा उमरेडच्या घरात स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या गृहिणीला पिवळा रंग सांगायचा, तर तो हळदीचा की झेंडूचा, की अजून न पिकलेल्या संत्र्याच्या सालीवरचा, हे सांगावे लागते. उन्हाळ्यातल्या नागपूरच्या दुपारी भिंतीवरची सावली निळसर का दिसते, हे चित्रकाराला सोप्या मराठीत उलगडावे लागते. तसे सांगताना तो स्वतःही आपल्या कामाकडे नव्याने पाहतो. श्रोत्याला न दिसणे ही त्या माध्यमाची अडचण खरी, पण त्या अडचणीनेच कलावंताला सामान्य माणसाच्या भाषेकडे आणले.

आपल्या समाजात आधुनिक चित्रकार आणि मध्यमवर्गीय कुटुंब यांच्यात जे अंतर पडले आहे, त्याचे एक कारण येथे सापडते. दोघांमध्ये बोलणेच उरलेले नाही. घरात मोठ्या हौसेने भिंती रंगवून घेणारा माणूस चित्रप्रदर्शनात जायला बिचकतो. 'आपल्याला त्यातले काय कळते?' असे म्हणून बाहेरूनच परततो. नभोवाणीवरील संवाद हा या दोघांमधला साकव होता. त्यावरून जायला तिकीट नव्हते आणि पोशाखाचीही अट नव्हती.

मुलाखतीनेच हाती लागणाऱ्या गोष्टी

एक उदाहरण देतो. महेश एलकुंचवार हे नाव आज भारतीय रंगभूमीवर कोणत्या उंचीवर आहे, हे सांगायला नको. पारव्यासारख्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात जन्म, नागपुरात इंग्रजीचे अध्यापन आणि 'वाडा चिरेबंदी' सारख्या नाटकांतून विदर्भातल्या मोडकळीस आलेल्या वाड्याचे दुःख देशभर पोहोचविणारे हे नाटककार. ते नाटकाकडे कसे वळले? त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे की, ते निघाले होते चित्रपट पाहायला. तिकीट मिळाले नाही, म्हणून विजय तेंडुलकरांचे 'मी जिंकलो मी हरलो' हे विजया मेहतांनी बसविलेले नाटक पाहायला गेले, आणि त्या प्रयोगाने त्यांचे जीवनच बदलले. एका चित्रपटगृहाच्या खिडकीवर 'हाऊस फुल्ल'ची पाटी लागली आणि मराठीला एक नाटककार मिळाला! ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही नाटकात सापडणार नाही. कोणीतरी विचारले, त्यांनी सांगितले, कोणीतरी नोंदविले, म्हणून ती आपल्याजवळ आहे.

एलकुंचवार हे मोठे नाव. त्यांना विचारणारे पुष्कळ. परंतु ज्यांना कोणी विचारले नाही त्यांचे काय? आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळी झाली, धान घरात आले, मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्या व्यवसायाचे केंद्र. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये असतात आणि गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि हजारोंनी माणसे तो पाहतात. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांच्या मातीत ही रंगभूमी रुजलेली आहे. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द प्रथमच ऐकला.

तेथे पडदे रंविणारा माणूसही चित्रकारच असतो. राजवाडा, जंगल, गरिबाचे घर, रस्ता असे पडदे तो हाताने रंगवितो. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल असा रंग कोणता, दिव्यांच्या उजेडात कोणता रंग मरतो आणि कोणता उठतो, हे त्याला ठाऊक असते. कोणत्याही कलामहाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात ते सापडेलच, असे नाही. असा माणूस एखाद्या दिवशी निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याची सगळी विद्याही जाते. त्याच्यापर्यंत दिल्लीची वाहिनी जाणार नाही, मुंबईचीही नाही. गेले तर नागपूरचे किंवा चंद्रपूरचे केंद्र जाईल. स्थानिक नभोवाणीचे प्रयोजन यापेक्षा अधिक स्पष्ट करून सांगता येत नाही.

मतभेद आणि श्रवण

आता थोडे आपल्याविषयी. मघाशी मी मुक्तिबोधांचे नाव घेतले. त्यांचे वैचारिक गोत्र आपले नव्हते, हे सर्वांना माहीत आहे. त्यांचे स्नेही, भंडारा जिल्ह्यातील लाखनीचे चित्रकार भाऊ समर्थ यांनी नागपुरात राहून चित्रे काढली, मराठीत आणि हिंदीत कलेविषयी लिहिले. त्यांचाही विचार वेगळा होता. एलकुंचवारांच्या नाटकांवर तर एके काळी किती वादळे उठली! तरीही ही सर्व माणसे या मातीची आहेत. त्यांनी पाहिलेले नागपूर हेच आपले नागपूर आहे.

कलावंताशी आपली भेट केवळ निषेधाच्या किंवा सत्काराच्या दिवशी होऊ लागली, तर ते समाजाच्या प्रकृतीला चांगले नाही. निषेधाच्या दिवशी आपण ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो आणि सत्काराच्या दिवशी तो खरे बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. या दोन दिवसांच्या मधले जे साधे दिवस असतात, त्यांत संवाद घडला पाहिजे. नभोवाणीने तो घडविला. समोर गर्दी नाही, टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. बंद खोलीत दोन माणसे बोलताहेत आणि हजारो माणसे आपापल्या घरी शांतपणे ऐकताहेत. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, मग त्याचा प्रतिवाद करावा, ही पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षाची भारतीय पद्धती आहे. पूर्वपक्षच ऐकला नाही, तर आपला उत्तरपक्ष दुबळा राहतो.

आणि आपल्या विचारपरंपरेतही कलावंत आहेतच. हरिभाऊ वाकणकर, म्हणजे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, हे चित्रकार होते. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना दिसलेल्या खडकांनी त्यांना ओढले आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगासमोर आली. २००३ मध्ये त्या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. हजारो वर्षांपूर्वीच्या अनाम चित्रकाराच्या रेषेशी संवाद करण्यासाठी हा माणूस रानावनात हिंडला. आपल्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या चित्रकाराशी बोलायला आपल्याला तेवढेही चालावे लागत नाही.

फिती गेल्या, वेळ आटला

या संवादाचे पुढे काय झाले? पहिली गोष्ट फितींची. जुन्या काळी ध्वनिमुद्रण पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर होत असे. फिती महाग असत आणि पुरेशा नसत. त्यामुळे कार्यक्रम प्रक्षेपित झाला की फीत पुसून तीवर नवा कार्यक्रम घेण्याची रीत देशातील अनेक केंद्रांवर होती. हा दोष एकट्या भारताचा नाही, ब्रिटनच्या बी.बी.सी.नेही आपले कित्येक कार्यक्रम असेच पुसले. संगीताच्या मैफलींना थोडे तरी संरक्षण मिळाले. थोर गायकाची फीत पुसताना हात थबकत असे. परंतु एखाद्या चित्रकाराशी झालेली वीस मिनिटांची बातचीत? ती जपण्याचे अगत्य कोणाला वाटणार? जे टिकले, ते बहुधा एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याने स्वतःहून बाजूला काढून ठेविले म्हणून. अशा अनामिक माणसांचे ऋण आपण मानले पाहिजे.

दुसरी गोष्ट स्थानिक वेळेची. २००५ च्या धोरणानंतर नागपुरात खासगी एफ.एम. वाहिन्या आल्या. शहराचा कान त्यांनी पुन्हा नभोवाणीकडे वळविला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचे गणित चित्रपटगीते आणि जाहिराती यांवर चालते. रंगकर्मी तेथे येतो तो बहुधा नव्या नाटकाच्या प्रसिद्धीसाठी, आणि दोन गाण्यांच्या मधल्या फटीत बोलून जातो. दुसरीकडे सार्वजनिक प्रसारणातही काटकसरीचे वारे वाहू लागले. १८ मे १९८८ रोजी नागपूरच्या बलाढ्य प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली होती. रात्रभर देशाला सोबत करणारी ती सेवा बंद करण्याचा निर्णय २०१९ च्या आरंभी जाहीर झाला. तेथील निवडक कार्यक्रम जतनासाठी दिल्लीच्या मध्यवर्ती संग्रहालयाकडे पाठवावेत, असेही त्या वेळी सांगण्यात आले. जतन होणे चांगलेच. पण नागपूरचा आवाज ऐकण्यासाठी नागपूरकराला दिल्लीचे दार ठोठवावे लागू नये, ही आपली अपेक्षा गैरवाजवी नाही.

येथे निराश होण्याचे कारण नाही. २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रातील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. पुणेकरांनी आवाज उठविला आणि तो निर्णय स्थगित झाला. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, पंतप्रधानांनी 'मन की बात' साठी आकाशवाणीचीच निवड केली आणि हे माध्यम जुनाट झालेले नाही, हे देशाला दाखवून दिले. श्रोता बोलला तर शासन ऐकते. श्रोता गप्प बसला, तर फायलीतली काटकसर जिंकते.

जगाने काय केले

इतरत्र काय घडले, याची दोन उदाहरणे देतो. १९६२ मध्ये लंडनला डेव्हिड सिल्व्हेस्टर या कलासमीक्षकाने फ्रान्सिस बेकन या चित्रकाराची बी.बी.सी.साठी मुलाखत घेतली. पुढच्या वर्षी ती प्रक्षेपित झाली. सिल्व्हेस्टर तेवढ्यावर थांबला नाही. तो अनेक वर्षे त्याच चित्रकाराशी बोलत राहिला आणि १९७५ मध्ये त्या संभाषणांचे पुस्तक झाले. आज जगभरचे कलाविद्यार्थी ते पुस्तक वाचतात. त्याचा उगम एका नभोवाणी मुलाखतीत आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या शिकागोचे. तेथील एका स्थानिक केंद्रावर स्टड्स टर्केल नावाच्या गृहस्थाने १९५२ पासून सुमारे ४५ वर्षे मुलाखती घेतल्या. नट, नाटककार, संगीतकार, लेखक आणि त्यांच्याच जोडीला साधी कष्टकरी माणसे त्याच्यासमोर बसली. शहराच्या इतिहास संग्रहालयाने त्या फिती जपल्या, त्यांचे अंकीकरण झाले आणि २०१८ मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. एका शहराने आपल्या एका केंद्राचा आवाज वारसा म्हणून सांभाळला. शिकागोला जे जमले ते नागपूरला का जमू नये?

कोणी म्हणेल, आता यूट्यूब आहे, भ्रमणध्वनी आहे, प्रत्येक जण मुलाखत घेतो आहे. मग चिंता कसली? चिंता अशी की, बोलणे वाढले आणि नोंद घटली. कोण, कोठे, कधी बोलले याचा पत्ता नसतो. तासाभराच्या संभाषणातील अर्ध्या मिनिटाचा वादग्रस्त तुकडा गावभर फिरतो आणि उरलेला विचार कोणी ऐकत नाही. शिवाय परदेशी कंपनीच्या संगणकावर ठेवलेली वस्तू ही आपल्या मालकीची नसते. ती उद्या तेथे असेलच, याची हमी कोण देणार?

आपण काय करायचे

भाषण ऐकून घरी जायचे, ही आपली पद्धत नाही. म्हणून तीन कामे सुचवितो.

पहिले काम श्रोत्याचे. आकाशवाणीवर एखाद्या कलावंताची चांगली मुलाखत झाली, तर केंद्राला पत्र पाठवा. टीकेची पत्रे पुष्कळ जातात, कौतुकाची फार थोडी. नागपूर केंद्रातील चित्रकार आणि रंगकर्मी यांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांची सूची प्रसिद्ध व्हावी आणि ती ध्वनिमुद्रणे येथेच ऐकण्याची सोय व्हावी, अशी मागणी आपल्या संस्थांनी लेखी स्वरूपात, सातत्याने आणि सभ्यपणे करावी.

दुसरे काम संस्थांचे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ च्या धोरणानुसार शिक्षणसंस्थांबरोबरच किमान तीन वर्षे नोंदणी झालेल्या सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणीसाठी अर्ज करता येऊ लागला. अशा केंद्राचा पल्ला थोड्या किलोमीटरांचा असतो आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून व्हावेत, अशी अट असते. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आणि म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' ही आपल्या राज्यातील उदाहरणे. विदर्भात आपल्या विचाराच्या शिक्षणसंस्था आणि सेवाप्रकल्प कमी नाहीत. त्यांनी या दिशेने विचार करावा.

तिसरे काम कुटुंबाचे, आणि ते आजपासून सुरू करता येईल. आपल्या वस्तीत मूर्तिकार असेल, पडदे रंगविणारा असेल, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक असतील, राज्य नाट्यस्पर्धेत वर्षानुवर्षे राबलेली एखादी अभिनेत्री असेल. घरातल्या तरुण मुला-मुलींना त्यांच्याकडे पाठवा. पंखा बंद करून, दार लावून, शांत खोलीत भ्रमणध्वनीवर तासभर बोलणे मुद्रित करा. आरंभी तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे स्पष्ट सांगा. मोठे प्रश्न विचारू नका. पहिले चित्र कशावर काढले, रंग कोठून आणत, पहिल्या प्रयोगाला घरचे कोण आले होते, रंगीत तालमीत काय फसले, असे साधे प्रश्न विचारा. त्यांच्या धंद्यातले शब्द जसेच्या तसे येऊ द्या. ते सुधारू नका. ते थांबले तर आपणही थांबा, कारण पुष्कळदा खरे उत्तर त्या शांततेनंतर येते. मुद्रण झाल्यावर त्यांची लेखी अनुमती घ्या, तीन प्रती करा आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयात ठेवा. कुटुंब प्रबोधनाची चर्चा आपण करतो. वडीलधाऱ्या कलावंतासमोर तासभर शांत बसून ऐकणारा तरुण, हे त्या प्रबोधनाचे प्रत्यक्ष रूप आहे.

मित्रहो, २०१९ मध्ये नव्व्याण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच शहरात, रेशीमबागेत झाले. मंडप भरला, पताका लागल्या, भाषणे झाली, आणि चार दिवसांनी मंडप उतरला. संमेलने व्हायलाच हवीत. परंतु नागपूरची रंगभूमी आणि चित्रकला ज्यांनी घडविली, त्यांचे बोलणे जपण्यासाठी मंडप लागत नाही. एक शांत खोली लागते, एक प्रामाणिक प्रश्न लागतो आणि मध्येच न बोलता ऐकणारा एक कान लागतो. हे तिन्ही आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. येत्या रविवारी आपल्यापैकी दहा जणांनी जरी दहा दारे ठोठावली, तरी आजची ही सभा सत्कारणी लागली, असे मी समजेन.

 भारत माता की जय.